मदत हवी आहे: अँटी-हिरो नवव्या प्रकरणात सरळ खलनायक वाटू लागतो

कादंबरीचा नायक हस्ताक्षरतज्ज्ञ आहे, पैसे घेऊन खोटे अहवाल देतो. कामात तरबेज, बोलण्यात तिरकस, स्वतःबद्दल कसलाही भ्रम नाही. आठ प्रकरणं वाचक त्याच्या बाजूने असतो. नवव्यात त्याच्या अहवालामुळे एक निर्दोष कारकून तुरुंगात जातो आणि तिथे कच्चा खर्डा वाचणाऱ्या बहुतेकांचा धागा तुटतो.

आतापर्यंत केलेले बदल: दुःखी बालपण घातलं, ती सबब वाटली. विरोधकाला अधिक क्रूर केलं, तर हा तुलनेने सज्जन ठरला आणि सगळी धारच गेली. प्रथमपुरुषी निवेदन करून पाहिलं; आवाज जमला, पण कारकून पार पुसला गेला. हे तिसरं मला सर्वांत घातक वाटतं.

प्रसंग काढता येणार नाही, पुढचं कथानक त्यावरच उभं आहे. शेवटी पश्चात्ताप किंवा उद्धार नको. निवेदन तृतीयपुरुषी, फक्त त्याच्याच दृष्टिकोनातून. वाचकाने त्याला माफ करावं असंही नाही. पुढचं पान उलटावं, एवढंच. आणि हो, कुत्र्यामांजरावर दया दाखवणारा प्रसंग कृपया सुचवू नका.

त्याची स्वतःची एक मर्यादारेषा आहे: मृत्युपत्राच्या कामात तो खोटं लिहीत नाही. सध्या ती बाराव्या प्रकरणात कळते. ती नवव्याच्या आधी, त्याचं नुकसान होताना दाखवली तर वाचक टिकेल, की त्यामुळे कारकुनाचा प्रसंग आणखी अक्षम्य वाटेल?