श्रवणयंत्रामुळे तोल सावरतो, हा भास की वस्तुस्थिती?

प्रश्न :
वडिलांना काही वर्षांपासून कमी ऐकू येते. श्रवणयंत्र कानात असले की ते घरात निर्धास्तपणे वावरतात. रात्री ते काढून ठेवल्यावर मात्र भिंतीला हात लावत चालतात. यंत्र तर केवळ आवाज वाढवते. मग त्याचा तोलाशी संबंध कसा?

प्रतिसाद १ :
आंतरकर्णात ऐकण्याचा आणि तोलाचा असे दोन अवयव शेजारीशेजारी असतात. शंखाकृती भाग आवाज टिपतो. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कोणत्या दिशेने वळले हे सांगतात, तर त्यांच्यालगतच्या दोन पिशव्यांतील कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म कणांमुळे डोके किती कलले हे मेंदूला कळते. या तोलयंत्रणेवरील संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. श्रवणयंत्र या नलिकांवर काहीच परिणाम करत नाही, त्यामुळे आपली शंका रास्त आहे.

प्रतिसाद २ :
येथे एक गोष्ट निसटते आहे. रात्री यंत्र नसते, तसा उजेडही नसतो! तोलासाठी मेंदू आंतरकर्णाबरोबरच डोळे आणि तळपाय, घोटे, मान येथून येणाऱ्या संवेदनांवर विसंबतो. पाय जुळवून उभे राहून डोळे मिटल्यावर शरीर किती डोलते, हे पाहणारी रॉम्बर्ग चाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. (ती एकट्याने करू नये.) भिंतीला लावलेला हातही केवळ आधार नव्हे : शरीराचा भार मुळीच पेलणार नाही इतका हलका बोटांचा स्पर्शसुद्धा डोलणे कमी करतो, कारण आपण कोणीकडे झुकतो आहोत याची खबर त्यातून मिळते.

प्रतिसाद ३ :
तरीही आवाजाचा वाटा नाकारता येत नाही. पंख्याची घरघर एकाच जागेवरून येत असेल, तर डोके जरासे हलताच ती दोन्ही कानांना किंचित वेगळी ऐकू येते, आणि मेंदूला एक स्थिर खूण मिळते. अमेरिकेत ४० ते ६९ वयोगटातील लोकांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २५ डेसिबल श्रवणऱ्हास असलेल्यांमध्ये पडण्याचे प्रमाण जवळजवळ तिप्पट आढळले. अर्थात यावरून ऱ्हासच पडण्याचे कारण ठरते, असे नाही. वडील दिवसा, भरपूर उजेडात, यंत्राविना कसे चालतात ते जवळ राहून पाहावे, म्हणजे उजेडाचा भाग किती आणि आवाजाचा किती याचा अंदाज येईल. अचानक गरगरू लागले किंवा एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.