सारायेव्होला राहायला जातोय : युद्ध आणि राजकारण, काय बोलावं, काय टाळावं?

अनिकेत_८९

नमस्कार मंडळी. कामानिमित्त येत्या सप्टेंबरपासून दोन वर्षं बोस्नियाच्या राजधानीत, सारायेव्होत मुक्काम आहे. साठीच्या एका जोडप्याच्या घरी वरचा मजला भाड्याने मिळालाय. व्हिसा, थंडी, बँक हे सगळं शोधून झालं. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. या दोघांनी नव्वदच्या दशकातलं युद्ध ऐन तारुण्यात पाहिलं असणार. त्याबद्दल विचारलं तर आगाऊपणा वाटेल आणि काहीच विचारलं नाही तर कोरडेपणा. राजकारण समजून घ्यायला बसलो तर तीन राष्ट्राध्यक्ष, दहा कँटन आणि वर शांतता करारावर देखरेख करणारा एक परदेशी अधिकारी! डोकं गरगरलं. तिथे राहिलेल्या कुणी सांगाल का, रोजच्या जगण्यात यातलं नेमकं काय जाणवतं?

सारायेव्होची_सून

अनिकेत, मी इथे लग्न करून आले, आता मुलगी सहावीत आहे. सांगते मला दिसतं तसं.

घरमालकांना युद्धाबद्दल विचारू नका. ते आपणहून बोलतील, आणि बहुतेक भलत्याच कामाच्या मध्येच. माझ्या सासूबाई सर्ब फौजांनी शहराला घातलेल्या वेढ्याबद्दल पहिल्यांदा बोलल्या ते अय्वारसाठी, म्हणजे इकडच्या चटणीसाठी लाल मिरच्या भाजताना. (सप्टेंबरात येताय म्हणजे हा वास तुम्हाला प्रत्येक बाल्कनीतून येईल.) पहिल्या हिवाळ्यात शेगडीत काय काय घातलं त्याची यादीच सांगितली : आधी फर्निचर, मग लाकडी फरशी, मग जुने बूट. बूट बराच वेळ जळतो म्हणे, पण वास भिंतीतून जात नाही. मी तोंड उघडून ऐकत बसले, तर मिरच्यांची सालं कोण काढणार म्हणून मलाच ओरडा बसला.

त्यांच्या कोठीत प्लॅस्टिकचे पाण्याचे कॅन अजून आहेत. वेढा ५ एप्रिल १९९२ ला सुरू झाला आणि २९ फेब्रुवारी १९९६ ला उठला. त्या काळात सासूबाई बिअरच्या कारखान्याजवळच्या झऱ्यावर रांगेत उभं राहून पाणी आणत. मी दोनदा ते कॅन भंगारात काढायला निघाले होते. मग २०१७ च्या सुमारास शहरात रात्रीचं पाणी बंद ठेवायला लागले. शेजारीपाजारी बादल्या शोधत होते, आमचे कॅन दुपारीच भरून तयार. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त बघितलं माझ्याकडे.

आता राजकारण. ते बोलायला अजिबात घाबरू नका, इथे कॉफीबरोबर दुसरं काही तोंडी लावायला नसतंच. पण विषय असतो नोकरीचा. कुणाचा पोरगा कुठे चिकटला, कुणामुळे, कुठल्या पक्षाचं कार्ड घेऊन. याला इथे श्तेला म्हणतात, म्हणजे आपला वशिलाच. सरकारी शाळेत शिक्षकाची जागा निघाली की ती कुणासाठी निघाली हे जाहिरातीच्या आधी गल्लीला माहीत असतं. केंद्र, दोन घटक प्रदेश (बोस्नियाक-क्रोएटबहुल फेडरेशन आणि सर्बबहुल रेपुब्लिका स्र्प्स्का), बर्च्को जिल्हा आणि फेडरेशनचे दहा कँटन, म्हणजे प्रांत, धरून देशात चौदा सरकारं आहेत. एवढी खाती, एवढे सचिव, एवढे ड्रायव्हर! १९९५ च्या डेटन कराराने बंदुका थांबल्या हे खरंच, आणि ते लहानसहान काम नव्हतं. पण त्याचंच परिशिष्ट देशाची घटना झालं, आणि कोण किती हिश्श्याचा धनी हेही त्यात कायमचं लिहिलं गेलं.

आमच्याच घरात बघा. सासरे सर्ब, सासूबाई बोस्नियाक, म्हणजे इथल्या मुस्लीम. सासरे वेढ्याची सगळी वर्षं शहरातच राहिले. राष्ट्राध्यक्षमंडळात एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब, आणि दर आठ महिन्यांनी अध्यक्षपद फिरतं. मात्र सर्ब सदस्य फक्त रेपुब्लिका स्र्प्स्काचे मतदार निवडतात. सारायेव्हो फेडरेशनमध्ये. म्हणजे सासऱ्यांना सर्ब उमेदवाराला मत देता येत नाही, उभं राहणं तर दूरच. माझा नवरा २०१३ च्या जनगणनेत ‘इतर’मध्ये गेला. मुलगीही जाईल. ‘इतर’ मंडळींना त्या तिन्ही खुर्च्या बंद. देर्वो सेइदिच हे रोमा आणि याकोब फिन्सी हे ज्यू. दोघे याविरुद्ध स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि डिसेंबर २००९ मध्ये जिंकले. निकाल लागला, पण घटना होती तिथेच आहे. मुलीला शाळेत नागरिकशास्त्र आलं तेव्हा तिने विचारलं, मी काय होऊ शकते? नवरा म्हणाला, दंतवैद्य. जर्मनीत.

हे वाक्य इथे विनोद म्हणून कुणी घेत नाही. १९९१ मध्ये लोकसंख्या जवळपास ४४ लाख होती, २०१३ मध्ये ३५ लाख, आणि त्यानंतरही माणसं जातच आहेत. मुलीच्या वर्गातल्या बऱ्याच पोरांचे काका-मामा म्युनिक नाहीतर व्हिएन्नाला आहेत.

आणखी एक, ९ जुलैला शहरात असाल तर राष्ट्राध्यक्ष भवनासमोर जा. १९९५ मध्ये सर्ब फौजांनी केलेल्या स्रेब्रेनिकाच्या हत्याकांडातल्या ज्यांची ओळख त्या वर्षात पटली, त्यांच्या शवपेट्या घेऊन ट्रक पोतोचारीच्या दफनभूमीकडे जातो. लोक ताडपत्रीच्या दोरीत फुलं अडकवतात. २०१० मध्ये ७७५ जणांचं दफन झालं होतं, २०२४ मध्ये १४ जणांचं. आमच्या शेजारच्या बाई दर वर्षी येतात. त्यांचं त्या गावात कुणीच नव्हतं. त्या दिवशी कॅमेरा घरी ठेवा.

दूरदेशी

ताई, छान लिहिलंत, पण हे सारायेव्होच्या गच्चीवरून दिसणारं चित्र आहे. मी रेपुब्लिका स्र्प्स्कातल्या बान्या लुकात साडेतीन वर्षं नोकरी केली. तिथला माझा सहकारी म्हणायचा की वेढा, फुलं, वेढ्यातल्या मृतांसाठी मांडलेल्या लाल खुर्च्या हे सगळं जगाला पाठ आहे, माझ्या आईबापाला फेडरेशनमधल्या आमच्या गावातून हाकललं ते कुणी विचारत नाही. त्याच्या तोंडून स्रेब्रेनिकाबद्दल जे ऐकलं ते मी इथे लिहिणार नाही, ते चूकच होतं. पण घर गेल्याचं दुःख खोटं नव्हतं.

अनिकेत, कॅलेंडर सांभाळा. १ मार्च आणि २५ नोव्हेंबरला सारायेव्होत सुट्टी, बान्या लुकात दुकानं उघडी. तिथे ९ जानेवारीला रेपुब्लिका स्र्प्स्काच्या स्थापनादिनाचं संचलन. घटना न्यायालयाने २०१५ मध्ये तो दिवस घटनाबाह्य ठरवला, तरी होतंच. मी एकदा २५ नोव्हेंबरला सारायेव्होच्या ऑफिसची बैठक लावून बसलो होतो, कुणी फोन उचलेना.

आणि ताई, तुम्ही परक्या म्हणून लोक तुमच्याशी मोकळे बोलत असतील. पण नवऱ्याचं आडनाव ऐकलं की समोरचा मनात खण उघडतोच ना?

सारायेव्होची_सून

उघडतो की. म्हणून तर मी माहेरचं आडनाव ठेवलंय :) त्याचा खण कुणाला सापडत नाही. टॅक्सीवाला दोन मिनिटं गप्प बसतो आणि मग निवांत तिन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना शिव्या घालतो.

बान्या लुकाबद्दल तुमचं पटतं. सासऱ्यांचा भाऊ तिकडेच आहे. दोघं भाऊ फोनवर फुटबॉल आणि रक्तदाब सोडून काही बोलत नाहीत, आणि तसंच चालू राहावं असं घरातल्या सगळ्यांना वाटतं.

पण एक सांगते, सगळंच गोठलेलं नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये तुझ्ला शहरातल्या बंद पडलेल्या कारखान्यांचे कामगार रस्त्यावर आले आणि आग देशभर पसरली. तेव्हा एक फलक गाजला होता : ‘आम्ही तीन भाषांत उपाशी आहोत.’ शिवाय यायत्से गावची मुलं. तिकडे काही गावांत एकाच इमारतीत बोस्नियाक आणि क्रोएट मुलांच्या वेगळ्या शाळा भरतात, अभ्यासक्रम वेगळे, कुठे दारंही वेगळी. यायत्सेत तशीच आणखी एक वेगळी शाळा काढायचा घाट घातला, तर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी मिळून मोर्चे काढले आणि तो बेत हाणून पाडला. ती पंधरा-सोळा वर्षांची पोरं होती. माझा या देशावर जो काही भरवसा आहे तो त्यांच्यामुळे.

गंपू

गाड्यांच्या नंबरप्लेटबद्दल कुणी लिहिलं नाही! आधी प्लेटवरून गाडी कुठल्या बाजूची ते कळायचं, त्यामुळे लोक पलीकडे जायला घाबरायचे. १९९८ मध्ये नव्या प्लेट आल्या. त्यात अक्षरं फक्त ए, ई, जे, के, एम, ओ, टी. ही लॅटिन आणि सिरिलिक दोन्हीत सारखीच दिसतात. शिवाय गाव कुठलं हेही कळत नाही. मला विचाराल तर त्या परदेशी अधिकाऱ्याच्या कार्यालयाने केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम.

अनिकेत_८९

सगळ्यांचे मनापासून आभार. एक बाळबोध प्रश्न. पलीकडे जाताना पासपोर्ट दाखवावा लागतो का? ऑक्टोबरात बेलग्रेडला जायचंय, आणि तिकिटावर ‘पूर्व सारायेव्हो’ स्थानक लिहिलंय.

सारायेव्होची_सून

छे, काही नाही. पासपोर्ट थेट सर्बियाच्या सीमेवर. १०३ नंबरची ट्रॉलीबस घ्या, शेवटचा थांबा दोब्रिन्या. तिथून चालत थोडं पुढे गेलात की पाट्या सिरिलिकमध्ये दिसायला लागतील, तेच स्थानक. पैसे बदलायची भानगड नाही, मार्क दोन्हीकडे तेच. दहाच्या नोटेवर इकडे एक कवी, तिकडे दुसरा, पण दोन्ही नोटा सगळीकडे चालतात. बस सुटायच्या अर्धा तास आधी पोचा आणि सुटे ठेवा, सामानाचे वेगळे घेतात.