मदत हवी आहे: भाऊ दारू सोडतोय, प्रार्थना आणि औषध दोन्ही कसं सांभाळायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही वसईचे कॅथलिक. माझा धाकटा भाऊ १४ वर्षं पितोय, मागच्या महिन्यात स्वतःहून म्हणाला, ताई आता बास. पॅरिशच्या (आमच्या चर्चच्या) प्रार्थना गटातली माणसं फार मायेची, रोज संध्याकाळी कोणीतरी येऊन त्याच्याजवळ बसतं, रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतं, पण त्यातले एक काका म्हणाले डॉक्टरांच्या गोळ्या सोड, येशूवर भार टाक, आणि ह्याने खरंच सोडल्या. तिसऱ्या दिवशी हात इतके थरथरत होते की कप बशीवर वाजत होता, रात्री फिट आली. डॉक्टर म्हणाले दारू एकदम तोडली की असं होऊ शकतं, जिवावरही बेततं, गोळ्या चालूच ठेवा.

प्रार्थना नको असं नाही हो, तीच तर त्याला धरून आहे. फादर जो परेरांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशन ह्या व्यसनमुक्ती संस्थेत तर एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) १२ पायऱ्यांसोबत अय्यंगार योगपण करून घेतात, म्हणजे श्रद्धा आणि उपचार एकत्र चालतात ना? मग काकांना न दुखावता हे कसं समजावू, आमच्या पॅरिशच्या फादरना मध्ये घेऊ का?

वसई-विरारकडे एएच्या मराठी मिटिंग कुठे होतात? घरच्यांसाठी अल-अनॉन असतं, तिकडे कोणी गेलंय का, आईला न्यायचंय, ती रात्रभर जागी असते.

आणि पुढच्या महिन्यात घरातच लग्न आहे, आमच्याकडे ग्लास फिरणारच. त्याला न्यायचं की नाही? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज सांगा.