४०७ खंबाटकी चढेना, कोणीतरी लवकर सांगा

कराडकर_७१: गाडी टाटा ४०७, छोटा मालट्रक, २००१ ची. पुण्याहून माल भरून निघालो की खंबाटकीपर्यंत झकास चालते आणि घाट लागला की दम तोडते, दुसऱ्या गियरवर आली की अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी पुढे सरकत नाही, मागचे हॉर्न मारून मारून जीव खातात. मिस्त्री म्हणतो इंजिन उतरवा, बोअरकाम करा, म्हणजे सिलेंडर आतून घासून नवे पिस्टन-रिंगा टाका. खर्च ऐकून घाम फुटला. उद्या परत भाडं आहे. काय करू?

डिझेलबुवा: धूर येतो का? कुठल्या रंगाचा ते सांगितल्याशिवाय काय सांगणार, आम्ही काय ज्योतिषी आहोत का

कराडकर_७१: येतो की. ४०७ ला धूर येणारच ना.

डिझेलबुवा: अहो पण रंग!! काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर किंवा पाणी आत.

कँटरप्रेमी: विकून टाका आणि आयशरचा जुना कँटर ट्रक घ्या. ४डी३१ इंजिन, ३३०० सीसी, माझ्याकडे १४ वर्षं होता, हेड एकदाही उघडलं नाही.

वाईचा_पाहुणा: आले कँटरवाले. ४०७ चा पार्ट खेड्यातल्या दुकानात पण मिळतो, तुमचा कुठे मिळतो ते सांगा. १९८६ पासून ही गाडी रस्त्यावर आहे, उगाच नाही. ४९७ इंजिन म्हणजे ४ सिलेंडर आणि ९७ मिमीचा बोअर (सिलेंडरचा व्यास), ३ लिटरला थोडं कमी, साधं सरळ काम.

कँटरप्रेमी: साधं असेल हो पण घाट चढेना ना 😀

मॅटाडोर_आठवण: आमच्या वडिलांच्या मॅटाडोरला मर्सिडीजचं ओएम ६१६ होतं, २.४ लिटर. ते पण चारच सिलेंडर. आवाज असा की गल्लीच्या टोकाला आली तरी आई चहा टाकायची.

कराडकर_७१: विषय काय चाललाय. धूर काळा आहे, घाटातच, उभी असताना नाही. ऑइल कमी होत नाही.

एसटी_रिटायर: मग बोअरकाम कशाला? ऑइल खात नाही, निळा धूर नाही. चालू इंजिनचं ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा, भसाभस वाफ आली तरच पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्या. माल किती भरता? इंजिनला डिझेल देणाऱ्या पंपाला कोणी हात लावला का?

कराडकर_७१: नेहमीचाच माल. साडेतीन टन. पंपाचं म्हणाल तर दिवाळीत पिकअप कमी वाटला म्हणून मिस्त्रीनेच सील तोडून डिझेल वाढवायचा स्क्रू फिरवला होता थोडा, ते सोडा.

डिझेलबुवा: ते सोडा???

वाईचा_पाहुणा: ४०७ वर साडेतीन टन, आणि दोष इंजिनला

एसटी_रिटायर: भाऊ, हेच आधी लिहायचं. डिझेल वाढवलं, हवा तेवढीच. आता एक काम करा, एअर फिल्टर काढा आणि फिल्टरपासून मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात हवा जाते तिकडे, जाणारा रबरी होज (नळी) हाताने दाबून बघा. जुना झाला की आतला थर सुटतो, उभ्या गाडीत कळत नाही, जोर लागला की ओढीने चपटा होतो. आम्ही वर्कशॉपात असे दोन इंजिन उगाच उतरवलेत.

फिटनेसवाला: एवढा खर्च करण्याआधी १५ वर्षांवरच्या गाडीची आरटीओची फिटनेस फी बघा, १ एप्रिल २०२२ पासून किती वाढलीय. आणि सीएनजी किट बसतं का याला?

डिझेलबुवा: डिझेल इंजिनला नुसतं किट टाकून सीएनजी चालत नाही, स्पार्क लागतो, कंप्रेशन कमी करावं लागतं. वेगळा धागा काढा.

कराडकर_७१: एसटीकाका, बघितला. होज मधेच मऊ पडलाय, बोटाने दाबला तर आतला थर लोंबतोय. फिल्टर तर मातीने भरलाय. दोन्ही बदलतो, घाट चढली तर सांगतो.

एसटी_रिटायर: चढेल, पण पंप टेस्टिंग बेंचवर लावून डिझेलचं सेटिंग परत करून घ्या. जास्त डिझेलने पिस्टन वितळला तर मग खरंच इंजिन उतरवावं लागेल. आणि अडीच टनाच्या वर भरू नका.

कराडकर_७१: भाडं परवडत नाही काका अडीच टनात.

कँटरप्रेमी: म्हणून म्हणतो कँटर घ्या