नवा कायदा आला म्हणून जुनी शिक्षा कमी होते का?

गेवराईकर
माझ्या मावसभावानं २०२१ मध्ये शेजारच्या विहिरीवरची मोटारीची केबल चोरली, तांब्यापायी. पंचनाम्यात किंमत ३२०० रुपये. केबल जप्त होऊन मालकाला परत मिळाली. पहिलाच गुन्हा. जुन्या दंडविधानाच्या कलम ३७९ (चोरी) खाली एक वर्ष लागलं, सेशन कोर्टानं मागच्या महिन्यात अपील फेटाळलं, तेव्हापासून तो आत आहे. आता लोक म्हणायलेत, १ जुलै २०२४ पासून पाच हजारांच्या आतल्या चोरीला जेल नाही, नुसती समाजसेवा. एक जण खालच्या कोर्टातून शिक्षा बदलून आणतो म्हणून पंधरा हजार मागायलाय. मावशीनं पोत काढून ठेवलीय. द्यावेत का?

लॉ-लातूर
दंडविधानाच्या जागी आलेली नवी भारतीय न्याय संहिता, कलम ३०३(२). पहिल्यांदा दोषी ठरलेला असेल आणि माल परत केला असेल तर समाजसेवा. नवा कायदा सौम्य असला की आरोपीला फायदा मिळतो, अर्ज टाका.

निवृत्त बेंच क्लार्क, बीड
पोत आधी मावशींच्या गळ्यात घाला. निकालावर सही झाली की त्या कोर्टाचा अधिकार संपला. लेखनातली किंवा आकड्याची चूक सोडून न्यायाधीशाला स्वतःच्या निकालात काही बदलता येत नाही. जुन्या फौजदारी संहितेत कलम ३६२, नव्यात ४०३. असले अर्ज फेटाळताना मी डायसखाली बसून पाहिलेत. पैसे जातात ते जातात, वरच्या कोर्टाची मुदतही टळते. याचाच मला संताप येतो.

लॉ-लातूर, एवढं सरळ नाही. न्याय संहितेचं कलम ३५८ जुन्या दंडविधानाखालच्या शिक्षा कायम ठेवतं. तरी दार पूर्ण बंद नाही. रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य बघा. मॅजिस्ट्रेटचा निकाल झाल्यावर तिथे परिवीक्षेचा (तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याचा) कायदा लागू झाला, तरी प्रकरण वर चालू असल्यामुळे १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याचा फायदा आरोपीला दिला. उलट एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, २००१ च्या दुरुस्तीत संसदेनंच लिहिलं, अपिलातल्या खटल्यांना कमी शिक्षा नाही. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते ग्राह्य धरलं.

पण तुमच्या भावाला नव्या कायद्यावर अडून बसायची गरजच काय? गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम १९५८, कलम ३ वाचा. पहिल्यांदा ३७९ मध्ये सापडलेल्याला ताकीद देऊन सोडता येतं, आणि कलम ११ प्रमाणे रिव्हिजनमध्ये, म्हणजे खालच्या निकालाच्या फेरतपासणीत, हायकोर्टही तसा आदेश देऊ शकतं. निकालपत्राची शेवटची पानं काढा. परिवीक्षा का नाकारली, त्याची कारणं आहेत का?

रिव्हिजन औरंगाबाद खंडपीठात, सेशनच्या निकालापासून ९० दिवसांत. सोबत शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० ला फोन लावा.

गेवराईकर
काका, पान बघितलं. "चोऱ्यांचं प्रमाण वाढलं आहे, सबब दया दाखवता येत नाही," एवढंच आहे. भावाचं नावसुद्धा त्या परिच्छेदात नाही.

निवृत्त बेंच क्लार्क, बीड
मग तीच ओळ रिव्हिजनचा पहिला मुद्दा करा. माणसाचं वय, वागणूक, आधीचा गुन्हा नसणं, यातलं काहीच तपासलं नाही, असं वकिलांना मांडायला सांगा; नव्या कायद्यातली समाजसेवा त्यामागून जोडीला. दोन्ही निकालांच्या सर्टिफाईड नकला उद्याच मागा. वकालतनाम्यावर भावाची सही जेलमध्ये अधिकाऱ्यासमोर होते, त्यात दिवस जातात, म्हणून ते काम आधी.