एपिकला स्टोऱ्या पाडण्याआधीच आकडा द्यायचा का?

प्रश्नकर्ता:
आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. पुढच्या तिमाहीत ई-इनव्हॉइस जोडायचंय: सरकारी पोर्टलवरून आयआरएन (बिलाचा संदर्भ क्रमांक) घेणं, बिलावर क्यूआर कोड, रद्द करायची सोय. एकही स्टोरी (कामाचा छोटा तुकडा) लिहिलेली नाही आणि मॅनेजर म्हणतो, जिरात (कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) एपिकवर, म्हणजे या अख्ख्या मोठ्या कामावर, पॉइंट (मेहनतीचा अंदाजे आकडा) टाक. मी ४० टाकले आणि नंतर बेरीज ६५ झाली, तर मलाच धरणार. काय करू?

जुना स्क्रममास्टर:
पॉइंट नकोत, साइज द्या. एस, एम, एल, एक्सएल. पूर्वी केलेलं एखादं एपिक काढा, समजा पेमेंट गेटवे, आणि टीमला विचारा: हे त्याहून मोठं की लहान? त्याच्या स्टोऱ्यांची शेवटची बेरीज जिरात आहेच, तीच पट्टी लावा. प्लॅनिंग पोकरच्या (टीमने पत्ते दाखवून अंदाज करायची पद्धत) पत्त्यांत १३ नंतर थेट २०, ४०, १०० येतात ते उगाच नाही. एवढ्या मोठ्या कामात ३७ की ३८ यावर कसला वाद घालताय!

टेस्टिंगवाली:
+१. फक्त रद्द करण्याचा भाग वेगळा मोजा. आयआरएन पोर्टलवर २४ तासांतच रद्द होतो, त्यानंतर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढावी लागते. टेस्ट केसेस तिथेच फुगतात.

प्रश्नकर्ता:
एल चालेल हो, पण मॅनेजरला तारीख हवीये.

जुना स्क्रममास्टर:
मग स्प्रिंटमध्ये (कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा) रेंज द्या, "३ ते ६ स्प्रिंट, पहिल्यानंतर पुन्हा सांगतो". तोंडी नको, मेलवर! आणि स्टोऱ्या आल्या की एपिकवरचा आकडा पुसा, नाहीतर रिपोर्टमध्ये तेच काम दोनदा मोजलं जाईल.