मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धातल्या पदकाचा मूळ मालक शोधायचाय

मंडळी, इतवारीच्या सराफ्यात मोडीच्या चांदीत एक पदक दिसलं. वितळवायलाच चाललं होतं, म्हणून वजनाच्या भावात घेऊन टाकलं. ब्रिटिश वॉर मेडल आहे: एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. रिबन नाही. कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि '११४ मराठाज' कोरलंय. पण नाव एकच, तेही अर्धं झिजलेलं. गाव नाही, आडनाव नाही. नंबर मात्र स्पष्ट आहे, माझी सगळी भिस्त त्याच्यावरच.

ही पलटण मेसोपोटेमियात लढली, १९२२ च्या फेररचनेत मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत फक्त मृतांची नोंद असते. हा गडी जिवंत परतला असेल, तर तिथे सापडणारच नाही.

बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडून कुणी जुनी माहिती मिळवली आहे का? अर्ज कुणाच्या नावे करायचा? कामठीतले कुणी निवृत्त फौजी सांगू शकतील का? विकायचं नाही, घरच्यांना द्यायचंय. नंबर मुद्दामच इथे टाकत नाही, उगाच दहा वारसदार उभे राहायचे. आणि 'पॉलिश करून बघा' हा सल्ला कृपया नको, उरलेली अक्षरंही जातील.